अक्षरांचे रंग

माझा मंगळवार पिवळा आहे. डब्याच्या तळाशी राहून हळद थोडी जुनी झाली म्हणजे तिला जो मंद पिवळेपणा येतो, नेमका तसा. बुधवार पांढुरका, ताकासारखा. गुरुवार गडद निळा. आणि सारे जग ज्याला काळा मानते तो शनिवार माझ्याकडे डाळिंबाच्या दाण्याच्या रंगाचा असतो. हे मी ठरवलेले नाही. देवीचा वार, दत्ताचा वार, उपासाचा वार, अशा कशाशीच या रंगांचा संबंध नाही. मंगळवार हा शब्द कानावर पडला की तो पिवळाच येतो; ओळखीचे माणूस जसे आपल्या चेहऱ्यानिशीच दारात येते, चेहरा घरी ठेवून येत नाही, तसा.

अक्षरांचेही तेच. माझा ‘क’ निळा, ‘ग’ मातकट, ‘भ’ वांग्याच्या सालीसारखा जांभळा, ‘स’ शेवाळी. काना-मात्रा लागल्या म्हणून अक्षराचा मूळ रंग बदलत नाही, पण त्यावर ऊन-सावली पडल्यासारखे होते. ‘का’ मोकळा, उजळ निळा. ‘कु’ खोल विहिरीतल्या पाण्यासारखा. छापील शाई काळी आहे हे मला इतरांइतकेच स्वच्छ दिसते. तरी त्या काळ्या अक्षराबरोबर त्याचा रंग असतोच. कुठे असतो, असे कुणी विचारले तर मात्र माझी पंचाईत होते. गेलेल्या माणसाचा आवाज आठवताना तो आपल्याला कुठे ऐकू येतो? तिथेच कुठेतरी.

या गोष्टीला आता नाव आहे. इंग्रजीत तिला सिनेस्थेशिया म्हणतात. आपल्याकडे कुणी सहसंवेदन म्हणतात. एका दाराशी आलेला पाहुणा त्याच वेळी दुसऱ्या दारानेही घरात डोकवावा, असा काहीसा हा प्रकार. २००६ साली ब्रिटनमधली एक पाहणी प्रसिद्ध झाली. तीत शंभरातल्या चारेक माणसांत तो कोणत्या ना कोणत्या रूपात आढळला, आणि त्यांतही सर्वांत अधिक आढळले ते वारांचे रंग. म्हणजे माझा मंगळवार काही जगात एकटा नाही. परंतु हे सगळे मला कळू लागले ते वयाची पंचावन्न वर्षे उलटल्यावर. तोपर्यंत मी हे रंग, दुसऱ्याच्या परसातून आणलेल्या पेरूंसारखे, ओच्यात लपवून वावरत होते.

मी वाढले वाईला. कृष्णेचा घाट, ढोल्या गणपतीचे देऊळ आणि आमच्या वाड्याचा ओटा एवढ्यात माझे जग मावत असे. शाळेत जाण्याआधीच थोरल्या भावाच्या अंकलिपीवरून मी अक्षरे शिकले, आणि अक्षरे रंगीत असतात हे मला अक्षरांबरोबरच समजले. त्यात काही विशेष आहे असे मनातही आले नाही. अंकलिपी काळ्या शाईत का छापतात याचे तेवढे नवल वाटे. पण त्याचेही उत्तर मी शोधून ठेवले होते. रंगीत शाई महाग पडत असेल!

१९५५ साली मी पहिलीत गेले आणि तिथे घोटाळा झाला. माझा चार आणि माझा सात हे दोघेही तांबडे; चार जास्वंदीसारखा, सात गेरूसारखा. पाटीवर उजळणी लिहिताना माझा हात चाराच्या जागी सात काढी आणि साताच्या जागी चार. गुरुजींनी एकदा पाटी पुढे ओढून विचारले, “काय गं, चार आणि सात यांतला फरक कळत नाही तुला?”

“कळतो गुरुजी,” मी अगदी प्रामाणिकपणे सांगितले, “पण दोघंही तांबडे ना, म्हणून चुकलं.”

वर्ग हसला. गुरुजींनी पाटी उलटसुलट करून पाहिली. मी कुठे रंगीत खडू फिरवला आहे की काय, हे ते शोधत असावेत. काही सापडेना तेव्हा मी त्यांची थट्टा करते आहे असे त्यांना वाटले, आणि हातावर दोन छड्या बसल्या. मधल्या सुट्टीपर्यंत माझे नाव ‘रंगारीण’ पडले होते. ते चौथीपर्यंत टिकले.

घरी आले ती सरळ स्वयंपाकघरात. आई भाकरीचे पीठ मळत होती. मी हुंदके देत सगळी हकिगत सांगितली. चार तांबडा असतो हे गुरुजींना माहीतच नाही; आता उद्या म्हणतील मंगळवारसुद्धा पिवळा नसतो! आई उद्या शाळेत येईल, गुरुजींना चार गोष्टी सुनावील, अशी माझी खात्री होती. आईने तसे काही केले नाही. तिने आपला पिठाचा ओला हात माझ्या तोंडावर ठेवला. ज्वारीच्या पिठाची ती चव मला अजून आठवते.

“असं कुणाला सांगायचं नाही,” ती म्हणाली. “गुरुजींना नाही, मैत्रिणींना नाही. कुणाला म्हणजे कुणाला नाही. कळलं?”

मला एवढेच कळले, की माझ्यात काहीतरी लाजिरवाणे आहे. ‘असं काही नसतं’ असे आई म्हणाली नव्हती. ‘सांगायचं नाही’ असे म्हणाली होती. या दोन वाक्यांतला फरक ध्यानात यायला मला पन्नास वर्षे लागली.

तो फरक त्याआधीही कळायला हवा होता. कारण दरवर्षी दिवाळीत तो माझ्या डोळ्यांसमोर, आमच्याच अंगणात, शेणाने सारवलेल्या जमिनीवर लिहिलेला असे. नरकचतुर्दशीला पहाटे, अभ्यंगस्नानांची गडबड सुरू होण्यापूर्वी, आई उंबऱ्यासमोर रांगोळी काढी. गोपद्म, स्वस्तिक, ठिपक्यांचे कमळ यांत तिचा हात इतर बायकांसारखाच चाले. पण सगळ्यांत खाली ती ‘शुभ दीपावली’ ही अक्षरे काढी, शिरगोळ्याच्या पांढऱ्या रांगोळीच्या दुहेरी रेघांनी, आणि मग त्या रेघांच्या पोटात रंग भरी. प्रत्येक अक्षराचा रंग निराळा. ‘शु’ गुलालाचा, ‘भ’ हळदीचा पिवळा, ‘दी’ कपड्यांच्या निळीचा, ‘पा’ हिरवा, ‘व’ विटेच्या पुडीचा, आणि ‘ली’ चक्क कोळशाचा.

या कोळशावरून एकदा घरात वादही झाला. “सणासुदीला काळं कसलं दारात?” म्हणून माझी आजी, म्हणजे आईच्या सासूबाई, कडाडल्या. आईने सासूबाईंचा शब्द कधी खाली पडू दिल्याचे मी पाहिलेले नाही. मिठाचे प्रमाणसुद्धा ती त्यांना विचारून ठरवी. पण त्या दिवशी ती खाली मान घालून म्हणाली, “ते अक्षर तसंच बरं दिसतं.” पुढच्या वर्षी तिने कोळशात निळीची चिमूट मिसळली. त्यामुळे काळ्याला मोरपिशी झाक आली आणि आजीचे समाधान झाले. मात्र ‘ली’चे काळेपण काही गेले नाही.

मला त्या अक्षरांचा मनस्वी त्रास होई. एकही रंग बरोबर नव्हता! विशेषतः तो पिवळा ‘भ’. जांभळ्या ‘भ’ला कुणी पिवळा करते का? वेणी उलटी घातलेल्या मुलीसारखा तो माझ्याकडे बघे. मी नऊ वर्षांची असताना, म्हणजे १९५८च्या दिवाळीत, मला ते सोसवेना. आई पाणी तापवायला आत गेली तसा मी ‘भ’मधली हळद हलक्या हाताने उडवली आणि गुलालात नीळ कालवून तिथे जांभळा रंग भरला. आई बाहेर आली. माझ्यावर रागावली नाही, की काही बोलली नाही. खाली बसली, फडक्याने तो ‘भ’ पुसला, आणि पुन्हा हळदीने भरला. मी दाराआडून बघत होते. त्या क्षणी आम्ही दोघी एकमेकींच्या किती जवळ होतो, आणि दोघींनाही त्याचा पत्ता नव्हता! की तिला होता?

लग्नाच्या दिवशीही असेच झाले. १९७१ साली माझे लग्न झाले. आमच्यात त्या काळी सर्रास नवरीचे नाव बदलत. ताटात तांदूळ पसरले, अंगठीने त्यावर माझे नवे नाव उमटले, आणि पेढे वाटले गेले. माहेरचे माझे नाव ‘क’ने सुरू होणारे, निळे, सासरचे ‘म’ने सुरू होणारे, पिकलेल्या आंब्याच्या रंगाचे. बावीस वर्षे मी निळी होते आणि एका मिनिटात केशरी झाले. इतर नवऱ्यामुलींना नाव बदलताना काय वाटत असेल ते असो; मला कुणी माझ्या अंगावरची कातडी बदलल्यासारखे वाटले आणि डोळे भरून आले. सगळ्यांना वाटले माहेर सुटते म्हणून रडते आहे. आई मात्र ताटाकडे बघत माझ्या कानाशी लागून म्हणाली, “नाव उजळ आहे हो.” मी तिला मान दिली, इतकेच. लेकीची समजूत घालताना आया असे काहीतरी म्हणतातच.

पुण्याला आले, संसार सुरू झाला, एका शाळेत भूगोल शिकवू लागले. रंग बरोबर होतेच. त्यांचा उपयोगही होई. दूरध्वनीचे क्रमांक मला पाठ करावे लागत नसत. पट्ट्यापट्ट्यांच्या लुगड्यासारखे ते आपोआप उलगडत. १९७४ साली एका संध्याकाळी, मन फार मोकळे झाले असताना, मी ही गोष्ट ‘ह्यां’ना सांगितली. त्यांनी शांतपणे ऐकून घेतली आणि दुसऱ्या दिवशी मला डोळ्यांच्या डॉक्टरांकडे नेले. डॉक्टरांनी डोळे तपासले, ते उत्तम असल्याचे सांगितले, आणि तरी आलेच आहेत म्हणून थेंब लिहून दिले. आठवडाभर हे नेमाने माझ्या डोळ्यांत थेंब घालीत आणि विचारीत, “काय, उतरला का रंग?” त्यांचा हेतू चांगलाच होता. प्रेमाच्या माणसाने औषध घातले की नाही म्हणवत नाही.

पुढे शेजारणींपैकी एकीदोघींना कळले, तेव्हा निराळीच तऱ्हा झाली. हात बघणाऱ्याकडे जावे तशा त्या माझ्याकडे येऊ लागल्या. “माझ्या नावाचा रंग सांगा ना!” मी भोळेपणाने सांगे. समोरच्या वहिनींचे नाव ‘स’वरून होते. मी म्हटले, “शेवाळी.” त्यांचा चेहरा उतरला. पायरीवरच्या शेवाळाचा का, म्हणून त्यांनी विचारले, आणि मी खोटे बोलू शकले नाही. पुढे कितीतरी दिवस त्यांनी विरजण मागायला आमच्याकडे मुलाला पाठवले नाही. तेव्हापासून मी ठरवून टाकले: कुणी विचारलेच तर सरसकट मोतिया सांगायचा. आई म्हणाली होती तेच खरे, असे मनाशी म्हणून मी पुन्हा गप्प झाले.

२००४ साली माझ्या मुलाने एक लहानसे पुस्तक आणून दिले. व्ही. एस. रामचंद्रन हे मूळचे तमिळनाडूतले, कॅलिफोर्नियात काम करणारे मेंदूशास्त्रज्ञ. त्यांनी २००३ साली बीबीसीवर रीथ व्याख्याने दिली, त्यांचे ते पुस्तक. त्यातले एक व्याख्यान माझ्याविषयी होते. म्हणजे नावाने नव्हे. पण त्यात ज्यांना आकडे रंगीत दिसतात त्यांच्यासंबंधी लिहिले होते, आणि ती माणसे वेडी नाहीत, थापाडी नाहीत, असे एक विद्वान मनुष्य पुराव्यानिशी सांगत होता. मी ते पान उभ्यानेच वाचले. गॅसवर दूध उतू गेले.

त्यांचा तर्क असा, की मेंदूत आकड्यांचे आकार ओळखणारी जागा आणि रंग ओळखणारी जागा यांचा शेजार आहे. माझ्यासारख्यांच्या मेंदूत या दोन बिऱ्हाडांमधली भिंत पुरती बांधलेलीच नसावी; एकीकडे दिवा लागला की दुसरीकडे उजेड पडतो. त्यांनी आणि त्यांचे सहकारी हबर्ड यांनी एक युक्तीही केली होती. इंग्रजी पाचाच्या आकड्यांनी पान भरायचे, आणि त्यांत उलट दिसणाऱ्या दोनाच्या आकड्यांचा एक त्रिकोण दडवायचा. इतरांना तो हुडकावा लागतो. रंग दिसणाऱ्यांतल्या काहींना मात्र तो तुलनेने लवकर दिसतो. आपले दोन आणि पाच असे उलटसुलट नाहीत. पण आपले तीन आणि सहा आहेत! छत्तीसचा आकडा म्हणतात तो त्यामुळेच. मुलाने मला संगणकावर तिनांचे पान करून दिले, त्यात सहांचा त्रिकोण घालून. माझा सहा राखेच्या रंगाचा. पान हातात पडताच राखेचा त्रिकोण समोर उभा राहिला.

मग मी हावरटासारखी वाचू लागले. गेऑर्ग साक्स नावाच्या वैद्याने १८१२ सालीच आपल्या प्रबंधात स्वतःच्या रंगीत अक्षरांची नोंद केली होती. इंग्लंडात फ्रान्सिस गॉल्टन याने १८८०च्या सुमारास अशा माणसांच्या हकिगती गोळा केल्या, आणि ही गोष्ट घराण्यात चालत येते हे त्याच्या ध्यानात आले. पुढे मानसशास्त्रात माणसाने स्वतःविषयी सांगितलेल्या गोष्टीला किंमत उरली नाही, तसा हा विषय मागे पडला. १९८७ साली सायमन बॅरन-कोहेन आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी त्याला पुन्हा हात घातला. त्यांची कसोटी साधी होती: शंभरावर शब्दांचे रंग विचारायचे, आणि काही आठवडे गेल्यावर, आधी न सांगता, तेच पुन्हा विचारायचे. थापा मारणारा चुकतो. ज्याला खरोखर दिसतात तो चुकत नाही.

लेखक नाबोकोव्ह याने आपल्या आठवणींत सांगितले आहे, की लहानपणी लाकडी ठोकळ्यांवरच्या अक्षरांचे रंग चुकीचे आहेत अशी तक्रार त्याने आईकडे केली, तेव्हा आईला तिच्या अक्षरांनाही रंग असल्याचे निघाले. दोघांच्या काही अक्षरांचे रंग जुळत होते, आणि आईला मुलाच्या म्हणण्याचे नवल वाटले नाही. हे वाचताना मला त्या मुलाचा हेवा वाटला. त्याच्या आईने त्याच्या तोंडावर हात ठेवला नव्हता.

आणि माझी भाषा! आपण अक्षराला ‘वर्ण’ म्हणतो आणि रंगालाही ‘वर्ण’च म्हणतो, हे मी शाळेत शिकले होते, कित्येकदा शिकवलेही होते, पण त्या शब्दाकडे मान वर करून कधी पाहिले नव्हते. नारदीय शिक्षेत सात स्वरांना रंग सांगितले आहेत: गांधार सोन्यासारखा, मध्यम कुंदाच्या फुलासारखा, पंचम काळा. नाट्यशास्त्रात रसांना रंग आहेत: करुण पारव्याच्या रंगाचा, रौद्र तांबडा, हास्य पांढरा. अर्थात हा संकेत झाला. सगळ्यांनी मिळून मानायचा, पिढ्यान्‌पिढ्या शिकवायचा. माझा पिवळा मंगळवार कुणी कुणाला शिकवू शकत नाही. तरी एवढे खरे, की ज्यांना रंग दिसत नाहीत तेही बैठक रंगली म्हणतात, कुणाचा आवाज गोड म्हणतात, कुणाचे बोलणे आंबट म्हणतात. ‘गोलमटोल’ म्हटले की कुणाच्याही मनात टोके येत नाहीत, आणि ‘काटकुळा’ म्हटले की गोलाई येत नाही. भिंतीला एखादे भोक प्रत्येकाच्याच घरात असते. आमच्या घरात खिंडार आहे, इतकेच.

घराण्यात चालत येते, हे गॉल्टनचे वाक्य मात्र माझ्या मनातून जाईना. अण्णा गेल्यावर, १९९६पासून, आई आमच्याकडेच होती. पुण्याच्या घरात अंगण नव्हते. ती जिन्यासमोरच्या फरशीवर रांगोळी काढी. त्याही दिवाळीत तिने ती काढली. मी दार उघडून बाहेर आले आणि जागच्या जागी थबकले. ‘शु’ गुलाबी. ‘भ’ पिवळा. ‘ली’ काळा. गाव बदलले, शेणाची जमीन जाऊन फरशी आली, घरच्या निळीच्या जागी बाजारातल्या रंगांच्या पुड्या आल्या. पण सहा अक्षरांचे सहा रंग पन्नास दिवाळ्यांत एकदाही चुकले नव्हते. ज्या कसोटीसाठी विद्वानांनी काही आठवडे थांबायचे, ती माझी आई जन्मभर आमच्या दारात देत होती.

तरी विचारायला मला पुढचा श्रावण उजाडला. ती मेथी निवडत बसली होती. वय त्र्याऐंशी. मी समोर बसून एक जुडी ओढली आणि म्हटले, “आई, तुझा मंगळवार कोणत्या रंगाचा गं?”

तिचा हात थांबला. तिने आधी दाराकडे पाहिले, कुणी ऐकत तर नाही ना म्हणून. मग अगदी हळू म्हणाली, “तांबडा.” आणि थोड्या वेळाने: “तुझा पिवळा. तू सांगितलं होतंस.”

मला आनंद व्हायला हवा होता. प्रथम आला तो राग. इतकी वर्षे एका स्वयंपाकघरात आम्ही दोघी वावरलो, आणि तिने मला एकटे पडू दिले! एका शब्दाने तिचे काय गेले असते? मी तसे बोललेही, जरा वरच्या आवाजात. आईने ऐकून घेतले. मग तिने मला तिच्या थोरल्या बहिणीची गोष्ट सांगितली. ही मावशी बाळंतपणात गेली एवढेच मला ठाऊक होते. बारा वर्षांची असताना तिने आरतीच्या वेळी घंटेचा आवाज जांभळा असल्याचे चारचौघांत सांगितले. घरच्यांना वाटले, बाहेरचे काही लागले. मांत्रिक आणला. कोंडून मिरच्यांची धुरी दिली. ती ओरडून ओरडून सांगत राहिली की जांभळाच आहे, कारण तो जांभळाच होता. शाळा सुटली, गावात बोभाटा झाला म्हणून मिळेल त्या बिजवराला देऊन टाकली. “मी आठ वर्षांची होते,” आई म्हणाली. “दाराबाहेर उभी होते. ताईला खोकला आवरत नव्हता. तेव्हाच मी ठरवलं, आपण काही बोलायचं नाही. मग तू शाळेतून आलीस ती तेच बोलत आलीस.”

पिठाचा तो हात मला पुन्हा तोंडावर जाणवला. या वेळी त्याचे वजन निराळे होते.

त्या दिवसानंतर आमचे दुपारचे चहा लांबू लागले. मुलाने केलेला तिनासहांचा कागद मी तिच्यापुढे धरला. चष्मा पुसून तिने पाहिले आणि म्हणाली, “हा बघ की त्रिकोण, हिरवा.” हिरवा! माझ्या राखाडी सहाला हिरवा म्हणते! आम्ही भांडलो. खरोखर, लहान मुलींसारख्या भांडलो. तिचा ‘क’ मला सोसवेना, माझा ‘ग’ तिला मळका वाटे. सगळ्या मुळाक्षरांत एक ‘न’ तेवढा दोघींचा पांढरा निघाला. मी एक वही केली आणि तिचे रंग ओळीने लिहून घेऊ लागले. रोज दोनतीन अक्षरे, जास्त नाही, कारण प्रत्येक अक्षराबरोबर एखादी आठवण निघे आणि दुपार संपे. तिला नेमकेपणा हवा असे. ‘ध’ नुसता पांढरा नाही, साय धरलेल्या दुधाचा. ‘ठ’ गूळ, पण कोल्हापुरी, चिक्कीचा नव्हे. मध्येच मी ‘ळ’ विचारला तर म्हणाली, “तो मागाहून सांगते. तो सोपा नाही.”

२००६च्या जानेवारीत ती गेली. वही ‘स’पर्यंत आली होती. ‘ह’, ‘ळ’, ‘क्ष’, ‘ज्ञ’ कोरे आहेत. मी ते कधीतरी अंदाजाने भरीन असे वाटले होते. पण दुसऱ्याच्या रंगाचा अंदाज करता येत नाही. तो फक्त त्यानेच सांगावा लागतो, आणि आपण लक्षात ठेवावा लागतो. आईचा पिवळा ‘भ’ मला एकदाही पिवळा दिसला नाही, दिसणारही नाही. तसाच तिला माझा मंगळवार कधी पिवळा दिसला नाही. पण पन्नास वर्षे तिने तो लक्षात ठेवला होता.

माझी नात आता आठ वर्षांची आहे. तिला कुठलाच रंग दिसत नाही; प्रथम कळले तेव्हा ती फार हिरमुसली. मग तिने आपली सोय लावून घेतली. माझे रंग तिने पाढ्यांसारखे पाठ केले, आणि पणजीच्या वहीतलेही. दिवाळीत दारातली रांगोळी मीच काढते. ‘शुभ दीपावली’ न लिहिता ‘शुभ दिवाळी’ लिहिते, आणि रंग आईचे भरते. गेल्या वर्षी सवयीने माझा हात ‘भ’साठी जांभळ्या पुडीकडे गेला, तर ती ओरडली, “आजी, तो तुझा! पणजीचा पिवळा!” मी हात मागे घेतला आणि हळद उचलली.

शेवटचे अक्षर मी दुहेरी रेघांत नुसतेच सोडले.

“हा भरायचा राहिला,” ती म्हणाली.

“राहू दे,” मी म्हटले. “तो अजून सांगायचा आहे.”